पेशींनी टाकलेली धूळ

शाळेच्या पुस्तकात पेशीचे एक चित्र असते. एक गोलसर रेघ, तिच्या आत मधोमध केंद्रक, भोवती चार-दोन ठिपके आणि वळ्या, आणि प्रत्येकाला बाण काढून दिलेले नाव. मुले ते चित्र वहीत उतरवतात, गुरुजी गुण देतात. रेघेच्या बाहेर मात्र या चित्रात काहीच नसते. कोरा कागद. वाचकहो, आज जी हकीकत मी सांगणार आहे ती त्या कोऱ्या जागेची आहे. रेघेच्या बाहेरही काही असते, ते पेशीनेच बाहेर सोडलेले असते, आणि त्याची तपासणी केली तर आतल्या दुखण्याचा माग लागू शकतो, एवढे कळायला माणसाला सुमारे साठ वर्षे लागली. त्यातला मोठा काळ हे सारे म्हणजे केरकचरा आहे असे समजण्यात गेला.

मी इतिहास शिकवणारा माणूस. तेव्हा रसायनशास्त्राची सूत्रे माझ्याकडून कोणी अपेक्षू नयेत. पण एखादी वस्तू प्रथम कोणी पाहिली, पाहून त्याला काय वाटले, आणि तेच पुढच्याला निराळे का वाटले, हा तर इतिहासाचाच विषय आहे, मग ती वस्तू किल्ल्याचा बुरूज असो की रक्तातला कण.

आधी माप सांगतो, कारण माप ध्यानात आले नाही तर पुढची मौज कळायची नाही. डोक्याचा एक केस घ्या. त्याची जाडी साधारण मिलिमीटरचा दहावा भाग. एवढ्याशा जाडीत एकीला एक लावून हजार पिशव्या ओळीने बसवायच्या म्हटले, तर ती एकेक पिशवी जेवढी भरेल तेवढी ही आपली वस्तू. शास्त्रात तिला पुटिका म्हणतात. सगळ्या पुटिका एका मापाच्या नसतात. काही याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढ्या, तर काही दसपट मोठ्या. शाळेतल्या सूक्ष्मदर्शकातून यांतल्या बहुतेक दिसतच नाहीत. उजेडाच्या लाटेपेक्षा लहान वस्तू उजेडाने कशी दिसणार? पण रक्ताच्या एका थेंबात त्या कोट्यवधी असतात. लघवीत असतात, लाळेत असतात, आईच्या दुधातही असतात. प्रत्येकीला मेदाचा म्हणजे स्निग्ध पदार्थाचा पातळ पापुद्रा असतो आणि पोटात, ज्या पेशीतून ती निघाली त्या पेशीतला थोडासा ऐवज.

हकीकतीचा पहिला धागा सापडतो तो १९४६ साली, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात. एर्विन चारगाफ आणि रँडॉल्फ वेस्ट हे दोघे रक्त गोठते कसे याचा शोध घेत होते. जखम झाली की रक्त वाहते आणि थोड्या वेळाने थांबते, हे आपण रोज पाहतो. पण ते थांबवणारे रक्तात नेमके आहे तरी काय, हा त्यांचा प्रश्न. त्यांनी रक्तातल्या पेशी काढून टाकल्या आणि उरलेला पिवळसर द्रव मोठ्या वेगाने फिरवला.

हे फिरवण्याचे प्रकरण जरा समजून घेऊ, कारण पुढची सारी कथा त्यावर उभी आहे. साखर कारखाना ज्यांनी आतून पाहिला आहे त्यांना ठाऊक असेल की रस आटवून झालेल्या राबेतून मळी वेगळी काढण्यासाठी ती गरगर फिरवतात. मळी जाळीतून बाहेर फेकली जाते, साखर मागे राहते. डेअरीत दुधातून मलई काढतात तीही अशीच. जड असेल ते बाहेरच्या बाजूला रेटले जाते, हलके असेल ते मधे राहते. प्रयोगशाळेत द्रवाची नळी अशी फिरवली की जड भाग तळाला साक्यासारखा बसतो आणि वर निवळ राहते. वेग जितका अधिक तितके बारीक कण तळाला येतात. चारगाफ आणि वेस्ट यांनी लावलेला जोर पृथ्वीच्या ओढीच्या ३१,००० पट होता. मग त्यांना काय दिसले? वरची निवळ गोठायला फार वेळ घेऊ लागली, आणि तळाचा साका पुन्हा रक्तद्रवात मिसळला की गोठणे चटकन् होऊ लागले. अर्थ उघड होता. त्या साक्यात काही बारीक कण आहेत आणि त्यांच्यात रक्त गोठवण्याचा गुण आहे.

निष्कर्ष बरोबर होता, पण पुढे झाले काहीच नाही. चारगाफ यांचे लक्ष डीएनएकडे वळले. त्यातील घटकांच्या प्रमाणांचे त्यांनी शोधलेले नियम आज महाविद्यालयात शिकवतात आणि त्यांचे नाव राहिले ते त्यासाठी. साका राहिला बाजूला. इतिहासात असे पुष्कळ होते. ज्याच्या हाती वस्तू पडते, त्याच्या हाती त्या वेळी दुसरे मोठे काम असते.

त्यानंतर एकवीस वर्षांनी, १९६७ साली, पीटर वुल्फ यांनी त्याच साक्याकडे पुन्हा पाहिले. मधल्या काळात दोन हत्यारे चांगली पाजळली गेली होती. एक म्हणजे अतिवेगवान फिरते यंत्र. स्वीडनमधील उप्साला येथे थेओडोर स्वेडबर्ग यांनी १९२०च्या दशकात ते तयार केले होते, आणि स्वेडबर्ग यांना १९२६ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. दुसरे, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक. बर्लिनमध्ये मॅक्स क्नोल आणि एर्न्स्ट रुस्का यांनी १९३१ साली त्याचा पहिला नमुना उभा केला. यात उजेडाऐवजी इलेक्ट्रॉनांचा झोत वापरतात, म्हणून उजेडाच्या लाटेहून लहान वस्तूही दिसते. वुल्फ यांना दिसले की हे कण रक्तबिंबिकांमधून सुटलेले आहेत. रक्तबिंबिका म्हणजे डेंग्यूच्या साथीत घरोघर ज्यांचा आकडा विचारतात त्या प्लेटलेट. वुल्फ यांनी या कणांना नाव दिले प्लेटलेटची धूळ.

नाव फार बोलके आहे. धूळ म्हटली की ती झाडायची असते, वाचायची नसते. कण उपयोगी आहेत हे वुल्फ यांनाही दिसत होते; पण नाव एकदा पडले की माणसे वस्तूकडे त्या नावाच्या चष्म्यातून पाहू लागतात.

आता मेंढीची गोष्ट. कॅनडातील मॉन्ट्रियल शहरी मॅकगिल विद्यापीठात रोझ जॉनस्टन नावाच्या जीवरसायनतज्ज्ञ बाई काम करीत. पोलंडमधील लोड्झ हे त्यांचे जन्मगाव, आणि मुलगी असतानाच त्या कॅनडात आल्या होत्या. त्यांचा प्रश्न वरकरणी अगदी साधा होता. आपल्या तांबड्या रक्तपेशींना लोह लागते. पंडुरोगात डॉक्टर लोहाच्या गोळ्या देतात त्या याचसाठी. हे लोह रक्तातून वाहून आणणारे एक प्रथिन असते, ट्रान्सफेरिन. ती जणू लोहाची गाडी. कोवळ्या रक्तपेशीच्या अंगावर ही गाडी बांधायचे खुंटे असतात. गाडी येते, खुंट्याला बांधली जाते, लोह उतरवून घेतले जाते. पण पेशी पुरती तयार झाली, तिला हवे तेवढे लोह मिळाले, की खुंटे नाहीसे होतात. जुन्या पेशीवर एकही सापडत नाही. जॉनस्टन बाईंनी विचारले, मग हे खुंटे जातात कुठे?

कोवळ्या पेशी भरपूर मिळाव्यात म्हणून मेंढीचे रक्त वापरले. मेंढीचे रक्त काढले की तिच्या हाडातील मगज घाईघाईने नव्या, अर्धवट वाढलेल्या पेशी रक्तात सोडतो. या पेशी शरीराइतक्या उबेत ठेवल्या, त्यांना वाढू दिले, आणि भोवतालचा द्रव घेऊन वेगाने फिरवला. बिन-ताओ पान हे जॉनस्टन यांचे सहकारी. सर्वांची अपेक्षा अशी की खुंटे पेशीच्या आतच मोडून विरघळले असतील; पेशीत जुने सामान जिरवण्याची सोय असतेच. पण खुंटे सापडले ते बाहेरच्या साक्यात, धडधाकट, बारीक बारीक पिशव्यांच्या पापुद्र्यात रोवलेले. हे संशोधन १९८३ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी अमेरिकेत सेंट लुइस येथे क्लिफर्ड हार्डिंग, जॉन ह्यूसर आणि फिलिप स्टाल यांनी उंदराच्या जातीच्या प्राण्याच्या कोवळ्या रक्तपेशी घेतल्या, ट्रान्सफेरिनला सोन्याचे सूक्ष्म कण चिकटवले आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून त्या सोन्याचा माग काढला. त्यांना सगळा रस्ताच दिसला. खुंटे आत ओढले जातात. आत एका मोठ्या पिशवीत इवल्या पिशव्या तयार होतात. ती मोठी पिशवी पेशीच्या कडेला येते, कडेशी एकजीव होते, आणि पोटातल्या इवल्या पिशव्या बाहेर रित्या करते. पोत्यातून शेंगा ओताव्यात तसे.

एकमेकांपासून दूर असलेल्या दोन ठिकाणी, दोन निराळ्या प्राण्यांत, एकाच वर्षी हीच गोष्ट दिसली, म्हणून ती नजरेचा भ्रम असण्याचा प्रश्न उरला नाही. पुढे १९८७ साली जॉनस्टन व त्यांच्या सहकाऱ्यांच्या लेखातून या पिशव्यांसाठी ‘एक्सोसोम’ हे नाव पुढे आले. ग्रीक भाषेत एक्सो म्हणजे बाहेर, सोमा म्हणजे देह, बाहेरचा देह. (मौज अशी की दहा वर्षांनी दुसऱ्या काही शास्त्रज्ञांनी पेशीच्या आतल्या एका अगदी वेगळ्या गोष्टीला नेमके हेच नाव दिले. आपल्याकडे वडगाव विचारले की कुठले वडगाव असे पुन्हा विचारावे लागते, तशी त्या शास्त्रात गत आहे.)

जॉनस्टन बाईंनी या पिशव्यांचा अर्थ काय लावला? पेशीला नको झालेले सामान बाहेर टाकण्याची सोय. म्हणजे कचऱ्याची पिशवी. यावर आज हसणे सोपे आहे, पण ते बरे नव्हे. त्यांच्यापुढे जो पुरावा होता त्यातून निघणारा तोच सरळ अर्थ होता, आणि कोवळ्या रक्तपेशीपुरता तो आजही खरा आहे. गडबड पुढे झाली. एका पेशीबद्दलचे उत्तर सर्वांनी सगळ्या पेशींना लावले, आणि कचऱ्यात कोण कशाला हात घालील, असे म्हणून बहुतेक शास्त्रज्ञ दुसऱ्या कामाला लागले.

१९९६ साली ग्रासा रापोझो व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की रोगाशी लढणाऱ्या काही पांढऱ्या पेशीही अशाच पिशव्या सोडतात, आणि त्या पिशव्या दुसऱ्या लढाऊ पेशींना जागे करू शकतात. म्हणजे कचऱ्याची पिशवी म्हणून जी फेकली गेली ती शेजाऱ्याच्या अंगणात पडल्यावर शेजारी उठून हत्यार घेतो! मग तो कचरा कसला, ती तर खबर झाली.

आणि २००७ साली स्वीडनमधील गोथेनबर्ग येथून हादी वलादी, यान लोटवाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. माझ्या मते या हकीकतीतील सर्वांत मोठे वळण हेच. त्यांनी या पिशव्या उघडून पाहिल्या तेव्हा आत आरएनए निघाले. आरएनए म्हणजे काय, हे गुरुजी मुलांना सांगतातच: केंद्रकातील डीएनए ही घराण्याची मूळ सनद, तर आरएनए ही तिच्यातील हव्या त्या कलमाची कामापुरती काढलेली नक्कल. सुमारे १,३०० जनुकांच्या अशा नकला त्या पिशव्यांत होत्या. त्यांनी उंदराच्या पेशींच्या पिशव्या माणसाच्या पेशींना दिल्या, आणि माणसाच्या पेशींत उंदराची प्रथिने तयार झालेली सापडली. नक्कल नुसती पोचली नव्हती. पोचल्यावर वाचली गेली होती आणि तिच्याबरहुकूम काम झाले होते.

यात निदानाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट आणखीच एक होती. मोकळे आरएनए रक्तात फार टिकत नाही; ते कुरतडणारे पदार्थ रक्तात भरपूर असतात. पण पिशवीच्या पापुद्र्याआड ते सुरक्षित राहते. पावसात भिजू नये म्हणून मेणकापडात बांधलेल्या पत्रासारखे. आपल्याकडे इतिहासाचार्य राजवाडे जुन्या कागदांसाठी गावोगाव हिंडले. ज्यांच्या घरी ती दप्तरे होती त्यांतल्या कित्येकांना ती रद्दी वाटत असे. त्या रद्दीतून मराठ्यांच्या इतिहासाची साधने खंडामागून खंड बाहेर आली. पुटिकांचे प्रकरण वाचताना मला ते दिवस आठवल्याशिवाय राहत नाहीत. कागद लिहिणाऱ्याने तो आपल्यासाठी लिहिलेला नसतो, म्हणूनच तो कागद प्रामाणिक असतो.

आता रोगाकडे वळू. मूत्रपिंडाच्या आत काय बिघडले आहे हे खात्रीने पाहायचे तर पाठीतून सुई घालून मूत्रपिंडाचा तुकडा काढावा लागतो. त्याला बायोप्सी म्हणतात. पण मूत्रपिंडाच्या नळ्यांतील पेशीही पुटिका सोडणारच, आणि त्या लघवीतूनच वाहत येणार. २००४ साली अमेरिकेतील बेथेस्डा येथे मार्क नेपर यांच्या गटाने माणसाच्या लघवीतून पुटिका वेगळ्या काढल्या आणि त्यांत २९५ निरनिराळी प्रथिने ओळखली. त्यांतील काही अशी की ज्यांच्या बिघाडामुळे मूत्रपिंडाचे रोग होतात हे आधीच माहीत होते. पाठीत सुई न घालता आतल्या पेशीची खबर भांड्यात आली.

मेंदूची गोष्ट याहून अवघड. मेंदूत गाठ आली तर तिचा तुकडा काढायला कवटी उघडावी किंवा तिला भोक पाडावे लागते. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये झांड्रा ब्रेकफिल्ड, योहान स्कोग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली मेंदूच्या एका अत्यंत घातक कर्करोगाच्या २५ रुग्णांचे दंडातले रक्त तपासले. या गाठींत कधी कधी एका जनुकाचे विशिष्ट बिघडलेले रूप असते. २५ पैकी ७ जणांच्या रक्तातील पुटिकांत त्या बिघडलेल्या जनुकाची नक्कल सापडली. सात म्हणजे थोडे, असे कोणी म्हणेल. पण तो बिघाड सर्वच रुग्णांच्या गाठीत नसतो, हे एक. आणि कवटीच्या आत कोंडलेल्या गाठीची निशाणी दंडाच्या शिरेत मिळाली, हे दुसरे. या दुसऱ्याचे मोल ज्याच्या घरी असा रुग्ण झाला आहे त्याला सांगावे लागणार नाही.

जॉनस्टन बाई २००९ साली वारल्या. आपल्या मेंढीच्या रक्तातील कचऱ्याच्या पिशवीला काय दिवस आले आहेत, याची सुरुवात तरी त्यांच्या हयातीत झाली.

आता पुटिका हाती आल्यावर तिच्या आत काय आहे हे कसे ओळखतात? एक रीत म्हणजे पिशव्या फोडून आतल्या प्रथिनांचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकडा वजनाने ओळखायचा. रेणू तोलणारे हे यंत्र म्हणजे सराफाचा काटाच. वजनावरून नाणे कुठल्या टाकसाळीचे हे सांगते. आरएनए ओळखायची रीत आता सर्वांना ऐकून माहीत झाली आहे. करोनाच्या साथीत नाकातून बोळा फिरवून जी आरटीपीसीआर तपासणी करीत, तीच. तिसरी रीत मात्र आपल्या देशात जन्मलेली आहे. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कलकत्त्यास चंद्रशेखर वेंकट रामन यांना दिसले की पदार्थावर उजेड टाकला तर विखरून परत येणाऱ्या उजेडात थोडा भाग रंग बदलून येतो, आणि हा बदल किती हे त्या पदार्थातील रेणूंच्या बांधणीवर ठरते. त्या दिवसाची आठवण म्हणून शाळाशाळांतून आपण विज्ञान दिन पाळतो. मुले भाषणे करतात, पण त्या शोधाचा आज उपयोग काय, असे विचारले तर बहुधा उत्तर येत नाही. त्यांना हे उदाहरण सांगण्याजोगे आहे. लेसरचा झोत पुटिकेवर टाकून विखुरलेला उजेड तपासला की त्यात मेद किती, प्रथिने किती, आरएनएसारखी द्रव्ये किती, याच्या खुणा उमटतात. पिशवी फोडावी लागत नाही, तिला रंग लावावा लागत नाही. कर्करोगाच्या पेशीची पुटिका आणि निरोगी पेशीची पुटिका यांच्या खुणांत फरक दिसतो का, हे पाहण्याचे काम पुष्कळ प्रयोगशाळांत चालू आहे. अडचण एवढीच की हा परत येणारा उजेड फार मंद असतो आणि पुटिका फार लहान. म्हणून सोन्याचांदीच्या सूक्ष्म कणांवर पुटिका बसवून तो उजेड वाढवावा लागतो.

इथवर वाचून कोणाला वाटेल, मग झालेच की! रक्ताचा थेंब घ्यावा आणि साऱ्या रोगांची यादी वाचावी. तसे नाही. खरी लढाई इथेच आहे, आणि ती समजायला इतिहासाच्या विद्यार्थ्याला वेळ लागू नये. जुना कागद हाती आला की आम्ही पहिल्याने काय विचारतो? हा कागद अस्सल का? लिहिला कोणी? दुसऱ्या दप्तरातला कागद यात मिसळला तर नाही ना? पुटिकांचे अगदी असेच आहे. रक्तात मेदाचे बारीक गोळे हिंडत असतात, तेच कोलेस्टेरॉल वाहून नेतात. त्यांतील कित्येक पुटिकांच्याच मापाचे, आणि संख्येने पुटिकांहून कितीतरी पट अधिक. जेवणानंतर तर त्यांची गर्दी आणखी वाढते. रक्त नळीत तसेच ठेवले तर प्लेटलेट नळीतच नव्या पुटिका सोडू लागतात, आणि मग आपण रुग्णाच्या शरीरातील खबर वाचतो आहोत की नळीतली, हेच कळेनासे होते. २०१४ साली काही संशोधकांनी मोजदाद केली तेव्हा असे दिसले की एखाद्या ठरावीक जातीचे सूक्ष्म आरएनए घेतले तर दर पुटिकेमागे सरासरी एक रेणूही भरत नाही. म्हणजे बहुतेक पाकिटे त्या मजकुरापुरती रिकामीच.

घाईचे काय होते याचे एक उदाहरण देतो. २०१५ साली अमेरिकेतील एका गटाने जाहीर केले की पुटिकांच्या पापुद्र्यावरील ग्लिपिकन-१ हे एक प्रथिन पाहून स्वादुपिंडाचा कर्करोग असलेले आणि नसलेले लोक अगदी बिनचूक वेगळे करता येतात. स्वादुपिंडाचा कर्करोग बहुधा फार उशिरा कळतो आणि तोवर इलाज हाताबाहेर गेलेला असतो; त्यामुळे या बातमीने साहजिकच मोठी आशा उत्पन्न झाली. पण पुढे इतरांनी आपापल्या रुग्णांवर हीच तपासणी करून पाहिली, तेव्हा इतका बिनचूक निकाल त्यांच्या पदरी पडला नाही. कोणी लबाडी केली असे मला मुळीच म्हणायचे नाही. पण जी तपासणी एका ठिकाणी शंभर नंबरी ठरते आणि दुसऱ्या ठिकाणी ठरत नाही, तिच्या भरवशावर कोणा बाईला किंवा बाप्याला ‘तुला कर्करोग नाही, घरी जा’ असे सांगता येईल का?

या गोंधळाची जाणीव त्या शास्त्रातील लोकांनाच आधी झाली, हे त्यांचे भूषण. २०११ साली त्यांनी आंतरराष्ट्रीय संस्था काढली, तिची पहिली परिषद २०१२ साली गोथेनबर्गला भरली, आणि २०१४ साली या संस्थेने किमान नियम घालून दिले. पुढे २०१८ साली त्यांची दुरुस्ती झाली आणि त्यानंतर ‘२०२३’ या सालाच्या नावाने आणखी एक आवृत्ती निघाली. पुटिका कशा वेगळ्या केल्या ते सांगा, त्यात दुसरे काही मिसळले नाही याचा पुरावा द्या, आणि एक्सोसोम हे नाव पुटिकेचा उगम सिद्ध केल्याशिवाय वापरू नका, असा या नियमांचा रोख आहे. आमच्या मंडळात कागद छापण्यापूर्वी जी विचारपूस होते, तिच्यापेक्षा हे वेगळे नाही.

आणि या शिस्तीतून काही हाती आलेही आहे. वयस्कर पुरुषांत प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग होतो. रक्तातील एका प्रथिनाचा आकडा थोडा चढलेला दिसला की संशय येतो, आणि संशय आला की ग्रंथीत सुया घालून तुकडे काढतात. पुष्कळांच्या बाबतीत ते तुकडे निरोगी किंवा निरुपद्रवी निघतात. सुयांचा त्रास, रक्तस्राव आणि क्वचित जंतुसंसर्ग मात्र पदरी पडतो. २०१६ साली अमेरिकेत अशा पुरुषांच्या लघवीतील पुटिकांत तीन जनुकांच्या नकला मोजणारी एक तपासणी प्रसिद्ध झाली आणि ती तिथे वापरातही आली. ५१९ पुरुषांवर तिची पडताळणी केली होती. तिचा कौल मानला असता तर त्यांतील १३८ जणांच्या सुया टळल्या असत्या. काही थोडे खरे रुग्ण तिच्या चाळणीतून निसटले असते, हेही त्याच निबंधात छापले आहे. मला त्या निबंधातील हे वाक्य फार मोलाचे वाटते. जी तपासणी आपली चूक किती हे सांगते, तिच्याशी डॉक्टरला व्यवहार करता येतो.

आपल्याकडे खेड्यापाड्यांतून मुख्य प्रश्न आहे क्षयाचा. क्षयाचे निदान प्रामुख्याने थुंकीवरून होते, आणि दोन आठवड्यांहून अधिक खोकला राहिला तर थुंकी तपासून घ्या असे आरोग्य खाते सांगत असते. पण चार वर्षांच्या पोराला ‘खाकरून थुंक’ म्हटले तर ते थुंकी गिळून टाकते. कित्येकदा नाकातून नळी घालून पोटातला द्रव काढावा लागतो. पोर रडते, आई रडते. शिवाय फुप्फुसाबाहेर, गाठीत किंवा हाडात क्षय असेल तर थुंकीत काहीच सापडत नाही. क्षयाच्या जंतूने व्यापलेल्या पेशी पुटिका सोडतात तेव्हा जंतूच्या प्रथिनांचे तुकडेही त्यांबरोबर रक्तात येतात, असे २०१४ साली रुग्णांच्या रक्तावरून दाखवण्यात आले. २०२२ साली लहान मुलांच्या रक्तातील पुटिकांवर जंतूच्या दोन घटकांचा शोध घेणारी एक रीत प्रसिद्ध झाली. तपासलेल्यांत एचआयव्ही असलेली मुलेही होती, ज्यांच्यात क्षय ओळखणे सर्वांत कठीण असते. तिला लागते थोडेसे रक्त. ती अजून संशोधनाच्या पायरीवर आहे. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आजही थुंकीची डबीच चालते.